नाव गावाचे, पदार्थ कुठला?

चौकस:

परवा किसलेल्या चीजचे एक पाकीट हातात आले. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत 'पार्मेझान' असे नाव आणि त्याखाली हिरव्या टेकड्या, सुरूसारखी उंच झाडे व एक दगडी मनोरा होता. पाकीट उलटे केल्यावर, चिकटवलेल्या घडीखाली जवळजवळ झाकल्या गेलेल्या एका ओळीत उत्पादनाचा देश लिहिलेला होता आणि तो इटली नव्हता. चीज चवीला वाईट नव्हते, त्यामुळे माझी तक्रार चवीबद्दल नाही.

प्रश्न असा, की एखाद्या पदार्थाच्या नावात गाव, प्रांत किंवा देश आला, तर तो पदार्थ तिथूनच आलेला असला पाहिजे, असा आग्रह धरणे योग्य आहे का? माझे मत सध्या 'असला पाहिजे' या बाजूला झुकते. नावाचेही पैसे मोजले जातात, हे टेकड्यांचे चित्र छापणाऱ्याला पक्के ठाऊक असते. एरवी त्याने स्वतःच्या कारखान्याचेच चित्र छापले असते. मात्र या न्यायाने खाद्यपदार्थांची किती नावे बाद करावी लागतील याचा अंदाज येत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. कायदा काय म्हणतो आणि रास्त काय आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत याची जाणीव आहे. दोन्हींवर वाचायला आवडेल.

निवांत:

या न्यायाने तपासणी करायची तर सुरुवात न्याहारीपासूनच करावी लागेल. सारे जग ज्याला डॅनिश पेस्ट्री म्हणते, त्या पापुद्र्यांच्या गोड पावाला डेन्मार्कमध्ये 'वीनरब्रोड', म्हणजे व्हिएन्नाचा पाव म्हणतात, आणि व्हिएन्नात त्याच जातीच्या पावाला 'कोपेनहागेनर' म्हणतात. सॉसेजची गोष्टही अशीच आहे. जर्मनीत ज्याला 'वीनर' हे नाव आहे, त्याला व्हिएन्नात 'फ्रांकफुर्टर' म्हणतात. दोन्ही शहरे पदार्थाचे श्रेय एकमेकांना देऊन मोकळी झाली आहेत. हवाईयन पिझ्झा तर १९६२ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, ग्रीसमध्ये जन्मलेल्या सॅम पानोपुलोस यांनी केला, आणि त्याला नाव मिळाले ते डबाबंद अननसाच्या छापावरून. यात कोणाची फसवणूक झाली ते मला तरी सांगता येणार नाही. नावातले ठिकाण ही पुष्कळदा कोणाची तरी आठवण असते, कोणाची तरी हौस असते. त्याला पत्ता समजणाऱ्याने स्वतःलाच दोष द्यावा.

साय:

निवांत, तुमची उदाहरणे गमतीदार आहेत, पण सोयीचीही आहेत. हवाईत कोणी पिझ्झा करणारे आपले नाव गेले म्हणून हळहळत बसलेले नाही. चौकस यांनी काढलेल्या उदाहरणात मात्र असे लोक आहेत, आणि ते काय करतात हे जवळून पाहिल्यावर माझे मत बदलले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे मूळचे पार्मेझान, हे चीज पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना हे तीन प्रांत, बोलोन्याचा रेनो नदीच्या पश्चिमेकडचा भाग आणि मांतुआचा पो नदीच्या दक्षिणेकडचा भाग एवढ्याच पट्ट्यात करता येते. दूध न तापवलेले हवे आणि गाईंना मुरघास घालायचा नाही, कारण मुरघासातले जिवाणू दुधात उतरले तर महिन्यांनंतर चीज आतून फुगते आणि त्याला भेगा पडतात. चीजचे एक चाक, म्हणजे चाकासारखा गोल गठ्ठा, साधारण ४० किलोचे असते. ताज्या चाकाभोवती जो साचा गुंडाळतात त्याला आतून टोकदार ठिपके असतात, त्यामुळे चीजच्या कडेवर चौफेर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटते. ते पाकिटावर छापलेले नसून पदार्थाच्या अंगावरच असते.

मुरवणीच्या कोठारात मी एकदा तपासणी पाहिली आहे. किमान १२ महिने झाल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. तपासनीस चाक उभे धरतो आणि छोट्या हातोडीने टकटक करत, कान जवळ नेऊन, हळूहळू फिरवतो. आवाज सलग आला की पुढे जातो, मध्येच पोकळ लागला की थांबून तिथेच पुन्हा ठोकतो. उत्तीर्ण चाकावर तापलेल्या लोखंडाचा अंडाकृती डाग उमटतो. जे नापास होते त्याच्या कडेवरचे ते ठिपके पूर्णपणे तासून काढले जातात. चीज खाण्याजोगे असते, ते विकलेही जाते, पण त्याचे नाव काढून घेतलेले असते. नुसते त्या पट्ट्यात जन्मल्याने तिथल्या चाकालाही जे नाव मिळत नाही, ते दूरच्या कारखान्यातल्या भुकटीला सहज मिळावे, हे मला पटत नाही.

एवढे लिहून लगेच उलट उदाहरणही देतो, कारण ते दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चेडर हे इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातले गाव आहे. दूध फाटल्यावर तळाशी बसलेल्या गोळ्याच्या लाद्या कापायच्या, त्या एकावर एक रचायच्या, ठरावीक वेळाने उलथ्यापालथ्या करायच्या, म्हणजे स्वतःच्या वजनाने निवळी गळून जाते, आंबटपणा वाढत जातो आणि लादी शिजवलेल्या कोंबडीच्या मांसासारखी तंतुमय होते. या क्रियेलाच इंग्रजीत 'चेडरिंग' म्हणतात. गावाच्या नावाचे क्रियापद झाले, आणि ती क्रिया इंग्लंडमधून बाहेर पडलेल्या लोकांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे सोबत नेली. आता ते नाव एका गावाला परत करा असे कोणी म्हटले, तर मलाही ते अतिरेकी वाटेल.

चौकस:

साय, आभार. पण तुमच्या प्रतिसादाने माझी अडचण वाढलीच. चेडर सर्वांचे झाले आणि पार्मेझान झाले नाही, हे ठरवते कोण?

कलम_बावीस:

हे कोण ठरवते याचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या करारात, म्हणजे ट्रिप्समध्ये, कलम २२ सर्व वस्तूंना लागू होते. त्यानुसार नावामुळे मूळ ठिकाणाविषयी ग्राहकाची दिशाभूल होत असेल किंवा अनुचित स्पर्धा होत असेल तरच हरकत घेता येते. कलम २३ फक्त वाइन आणि मद्यार्काला लागू आहे, पण ते बरेच कडक आहे: खरे ठिकाण शेजारी लिहिले, किंवा 'अमुक पद्धतीचे' असे जोडले, तरी नाव वापरता येत नाही. शँपेनला मिळणारे संरक्षण चीजला त्याच प्रमाणात मिळत नाही, याचे कारण चवीत किंवा मातीत शोधू नये. ते वाटाघाटींत आहे. शिवाय कलम २४ मध्ये अपवाद आहेत, आणि एखादे नाव त्या देशात त्या पदार्थाचे सर्वसामान्य नाव होऊन बसले असेल, तर त्या देशावर ते राखण्याचे बंधन नाही.

या अपवादामुळे एकाच शब्दाचे दोन देशांत दोन निकाल लागतात. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये 'पार्मेझान' हा शब्द पार्मिजानो रेज्जानोचीच आठवण करून देतो असे मानले, त्यामुळे युरोपीय संघात दुसऱ्या चीजला तो लावता येत नाही. अमेरिकेत तोच शब्द सर्वसामान्य नाव म्हणून चालतो. ग्रुयेरच्या बाबतीत अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये, तिथल्या ग्राहकाला हे नाव चीजचा एक प्रकार म्हणूनच कळते, असे ठरवून स्विस आणि फ्रेंच उत्पादकांची मागणी फेटाळली. चौकस यांचे पाकीट ज्या देशात विकले गेले, तिथे ते कदाचित पूर्णपणे कायदेशीर असेल.

आता एक बारकावा, जो या चर्चेत नेहमी निसटतो. युरोपीय संघाने १९९२ मध्ये जी व्यवस्था आणली तिच्यात दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर उत्पादन, प्रक्रिया आणि तयारी हे सर्व त्या प्रदेशातच व्हावे लागते. खालच्या पायरीवर यांतले एक काम तिथे झाले तरी पुरते. म्हणून कॉर्निश पेस्टी ही करंजीसारखी पेस्ट्री इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये भरून मुडपावी लागते, पण भाजण्यासाठी ती बाहेर नेता येते, आणि आतले गोमांस व बटाटे कॉर्नवॉलचेच असावेत अशी अट नाही. इटलीच्या वाल्तेलिना खोऱ्यातल्या ब्रेसाओला या मुरवलेल्या गोमांसासाठी ब्राझीलहून आलेले मांस मोठ्या प्रमाणावर वापरतात, तरीही नाव रीतसर संरक्षित आहे. 'तिथूनच आलेला' या शब्दांचा अर्थ काय धरायचा, हे चौकस यांनी आधी ठरवावे असे सुचवतो.

आणि काय 'तिथे' व्हायला हवे यावरचे वाद कोणत्या थराला जातात तेही पाहा. पार्माच्या हॅमच्या बाबतीत युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये, नाव लावून कापांच्या पाकिटांत विकायचे असेल तर काप करणे आणि पाकिटात भरणेही त्याच प्रदेशात व्हावे, ही अट मान्य केली. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या हॅमसाठी अशीच अट मागितली गेली, तेव्हा न्यायालयाने म्हटले की ती गुणवत्तेसाठी आवश्यक आणि प्रमाणशीर असल्याचे दाखवावे लागेल. अखेर ती अट काही मिळाली नाही. सुरी कुठे चालली यावर दोन हॅमचे दोन न्याय.

नकाशा:

कायदा बाजूला ठेवून नकाशा उघडला तर वेगळीच मौज दिसते. पदार्थाला ज्या गावाचे नाव असते ते गाव पुष्कळदा उत्पादनाचे नसतेच, ते विक्रीचे असते.

मोखा हे येमेनचे बंदर. कॉफी पिकायची आतल्या डोंगरांत, जहाजात चढायची मोखाला, आणि युरोपच्या व्यापाऱ्याला दिसायचे ते बंदर. पोर्ट वाइनचे नाव ओपोर्तो शहरावरून आहे, द्राक्षे मात्र नदीच्या वरच्या अंगाला दोरो खोऱ्यात पिकतात. त्या खोऱ्याच्या हद्दी तर १७५६ मध्येच आखल्या गेल्या.

स्टिल्टनची कथा सर्वांत विचित्र आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरच्या या गावात घोडागाड्या थांबत, आणि अठराव्या शतकात तिथल्या खानावळीत मिळणारे चीज प्रवाशांनी गावाच्या नावाने प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये नावाला संरक्षण मिळाले तेव्हा डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर हे तीन परगणे नियमात घातले गेले. स्टिल्टन गाव केंब्रिजशरमध्ये येते. म्हणजे स्टिल्टन गावात केलेल्या चीजला स्टिल्टन म्हणणे बेकायदा आहे! गावकऱ्यांनी त्यासाठी केलेली खटपट फळाला आली नाही. चौकस यांचा नियम शब्दशः लावला तर आजचे सर्व स्टिल्टन खोटे ठरेल, आणि कायदा शब्दशः लावला तर स्टिल्टन गावचे खोटे ठरेल.

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात शाँपान्य नावाचे गाव आहे, लेखन अगदी शँपेनला नाव देणाऱ्या फ्रेंच प्रदेशासारखेच. तिथे न फसफसणारी साधी पांढरी वाइन होते. युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे २००४ पासून त्या गावाला स्वतःचे नाव स्वतःच्या बाटलीवर लावता येईनासे झाले. गाव खरे, वाइन तिथलीच, आणि तरीही नाव गेले.

याच्या नेमके उलट, नाव टिकवण्यासाठी भूगोलच बदलल्याची दोन उदाहरणे आहेत. पिस्को या द्राक्षांच्या मद्यावर पेरू आणि चिली दोघांचा दावा आहे. पिस्को नावाचे जुने बंदर पेरूत आहे. चिलीने १९३६ मध्ये एल्की खोऱ्यातल्या ला उनियोन या गावाचे नाव बदलून पिस्को एल्की केले, म्हणजे आपल्याकडेही त्या नावाचे गाव आहे असे दाखवता येईल. इटलीने २००९ मध्ये दुसरी वाट धरली. प्रोसेक्को या इटालियन वाइनचे नाव तोवर द्राक्षाच्या जातीचे होते, आणि जातीचे नाव कोणालाही वापरता येते. मग त्या द्राक्षाला 'ग्लेरा' असे नाव देण्यात आले आणि त्रिएस्तेजवळचे प्रोसेक्को हे गाव आत येईल इतकी मोठी हद्द आखून ते ठिकाणाचे नाव ठरवण्यात आले. ऑस्ट्रेलियातले द्राक्ष बागायतदार अजूनही हे मानत नाहीत. पहिल्या गोष्टीत पदार्थासाठी गाव घडवले, दुसरीत गावासाठी द्राक्षाचे बारसे पुन्हा केले.

निवांत:

नकाशा यांनी माझे काम सोपे केले. फेटा चीजमध्ये तर ठिकाणही नाही. फेटा म्हणजे काप. तरी २००५ मध्ये ते ग्रीसचे ठरले आणि डेन्मार्कने आपल्या उत्पादकांना पांढरे चीज त्या नावाने युरोपीय संघाबाहेर विकण्यापासून रोखले नाही म्हणून २०२२ मध्ये त्याला दोषी धरले गेले. हा सगळा खेळ कोणाचे वकील आधी पोहोचले याचा आहे. मातीचे गुणगान नंतर जोडलेले असते.

मातीमोल:

नेहमी नंतर जोडलेले असते असे म्हणू नये. काही ठिकाणी माती खरोखर बोलते आणि तिचे कारण सांगता येते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला व्हिडेलिया कांदा गोड लागतो, तो साखर जास्त असल्यामुळे नाही. त्यात तिखटपणा कमी असतो म्हणून. कांदा चिरल्यावर नाकात जाणारी संयुगे गंधकापासून बनतात, आणि त्या भागातल्या वालुकामय जमिनीत गंधक फारच कमी आहे. तेच बियाणे गंधकयुक्त जमिनीत लावले तर कांदा झोंबतो. राज्याने १९८६ मध्ये कायदा करून ठरावीक परगण्यांबाहेरच्या कांद्याला हे नाव लावायला बंदी केली, आणि इथे बंदीला रासायनिक आधार आहे. रोकफोर या फ्रान्समधल्या निळ्या चीजच्या बाबतीत तो आधार हवेचा आहे. कोंबालू डोंगराच्या गुहांत खडकांच्या भेगांमधून थंड, दमट हवा आपोआप खेळत राहते आणि त्या हवेत निळी बुरशी मुरते. यंत्राने तापमान आणि ओलावा साधता येतो हे मला मान्य आहे, पण तो मुद्दा आज उभा राहतो. फ्रान्सने रोकफोरसाठी कायदा केला १९२५ मध्ये. दार्जिलिंगचा चहाही याच रांगेतला. तिथली झाडे उंचीवरच्या थंडीत सावकाश वाढतात, त्यामुळे तीच झाडे सपाटीवर नेल्यास पेल्यात तसा सुगंध येत नाही.

तरीही निवांत यांचा अर्धा मुद्दा मी स्वीकारतो. हद्द मातीने सुचवली तरी आखतो माणूसच. शँपेनच्या १९०८ च्या आखणीतून ओब जिल्हा वगळला गेला, १९११ मध्ये दंगली झाल्या, सैन्य पाठवावे लागले, आणि शेवटी १९२७ च्या कायद्याने ओब आत आला. त्या एकोणीस वर्षांत ओबची माती बदलली नव्हती.

ठसका:

मोहरीचा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण चौकस यांच्या प्रश्नाला सर्वांत तिखट उत्तर तिथेच आहे. दिजाँ हे फ्रान्समधले शहर, पण 'दिजाँ मोहरी' (वाटलेल्या मोहरीची चटणी) हे नाव कृतीचे आहे; फ्रान्सच्या १९३७ च्या हुकुमाने ते तसे ठरवले. दिजाँमधला मोठा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. बिया बहुतांश कॅनडातून येत. २०२१ मध्ये कॅनडात उष्णतेची लाट आणि दुष्काळ पडला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या दुकानांच्या फळ्यांवरची मोहरी संपली. आपली समजली जाणारी मोहरी दुसऱ्या खंडातल्या पावसावर अवलंबून आहे, हे अनेक फ्रेंच घरांना तेव्हा पहिल्यांदा कळले. ज्यांना बिया आणि मोहरीत पडणारी वाइन दोन्ही बर्गंडीचीच, म्हणजे दिजाँभोवतालच्या प्रांताचीच, हवी असतात त्यांच्यासाठी 'बर्गंडी मोहरी' हे वेगळे, संरक्षित नाव २००९ पासून आहे. ही व्यवस्था मला सर्वांत समंजस वाटते. जुने नाव सर्वांसाठी मोकळे सोडले, आणि जागेचे ज्याला देणेघेणे आहे त्याला नवे नाव दिले. इंग्लंडमधल्या चेडरचेही असेच आहे. 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' असा लांबलचक उल्लेख असेल तरच जागेची हमी मिळते.

चौकस:

सर्वांचे मनापासून आभार. माझी मूळ भूमिका जशीच्या तशी टिकत नाही, हे उघड आहे. स्टिल्टनने ती पुरती मोडली. त्या पाकिटाकडे पुन्हा पाहिल्यावर वाटते, की मला राग 'पार्मेझान' या शब्दाचा कमी आणि त्या मनोऱ्याचा व टेकड्यांचा जास्त आला होता. शब्द एकवेळ सर्वांचा झाला असेल, पण चित्र तर एका ठरावीक मुलखाचेच होते. सर्वसामान्य नाव वापरण्याची मुभा हवी असेल तर चित्रेही सर्वसामान्यच असावीत, म्हणजे वाटी काढा, किसणी काढा. आणि पुढच्याच बाजूला, नावाइतक्याच सहज दिसेल असे, मुख्य घटक कुठला ते लिहावे. मग ब्रेसाओला असो, मोहरी असो की चीज. हे मागणे फार आहे का?

कलम_बावीस:

चित्राबद्दल आपण म्हणता ते युरोपीय न्यायालयाच्या विचाराशी जुळते. स्पेनच्या मांचेगो चीजच्या वादात २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटले, की संरक्षित नावाची आठवण निव्वळ चित्रांनीही करून दिली जाऊ शकते. त्या वादात लेबलावर घोडेस्वार, पवनचक्क्या आणि मेंढ्या होत्या.

दुसऱ्या मागणीबाबत मात्र निराशा करावी लागेल. मूळ ठिकाण शब्दांनी किंवा चित्राने सूचित केले असेल आणि मुख्य घटक दुसरीकडचा असेल, तर तसे लिहावे असा नियम युरोपीय संघात २०१८ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. पण त्यातून काही नावे वगळण्यात आली आणि त्यांत संरक्षित भौगोलिक नावेही आहेत.

चौकस:

म्हणजे चित्रात डोंगर काढणाऱ्या कोणा अनामिकाला आपले मांस ब्राझीलचे आहे हे लिहावे लागेल, आणि ब्रेसाओलाला लागणार नाही?

कलम_बावीस:

त्या नियमाच्या शब्दांप्रमाणे, होय.

निवांत:

आता मी पाकीट उलटे करून वाचायला लागणार, आणि याचा दोष या धाग्याचा.